होस्टेलची पेटी हप्त्याने भरावी



एरवी या पानावर आपण बोंडअळी, तुरीची मर, संत्र्याची फळगळ असल्या गोष्टी बोलतो. या खेपेला पांढरकवड्याकडील एका शेतकरी बंधूंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली, नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, होस्टेलमध्ये जागाही मिळाली. ते लिहितात, "बियाणे आणि खत यांत होता नव्हता तो पैसा गेला. आता पोरीला घेऊन एकदाच सीताबर्डीवर जावे आणि लागेल ते सामान घेऊन द्यावे असा विचार आहे. गावातले एक गृहस्थ दिवाळीच्या बोलीवर रक्कम द्यायला तयार आहेत. किती रक्कम धरावी आणि काय काय घ्यावे, ते कळवावे."

पत्र सामानाविषयी आहे. पण त्यात कर्जाचीही गोष्ट आहे, म्हणून उत्तर जरा लांबणार. आधी माझ्याच घरची हकीकत सांगतो.

आमचे गाव आर्वी तालुक्यात. घरी सहा एकर कोरडवाहू, एक बैलजोडी, एक गाय आणि तिची तीन वर्षांची कालवड. गवळाऊ ही आमच्या वर्धा जिल्ह्याची जात. अंगाने पांढरी, चालीने चपळ. कालवड वर्ष-सव्वा वर्षात व्याली असती. 1988 साली मला नागपूरच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. महाराजबागेला लागून असलेले हे कॉलेज 1906 सालचे. तेथून सीताबर्डीचा बाजार पायी जाण्याच्या अंतरावर.

वडील मला घेऊन एस.टी.ने नागपूरला उतरले. होस्टेल पाहण्याच्या आधीच आम्ही बर्डीच्या मेन रोडवर गेलो. वडिलांच्या धोतराच्या कनवटीला नोटा होत्या. त्या कोठून आल्या हे मी विचारले नाही. ते एकच म्हणत होते, "घेऊन घे सारं. मांगून कोनापाशी हात पसराची पाळी नको." घरून लोखंडी पेटी आणली असताना वर सूटकेस घेतली. कापसाची जाड गादी घेतली. सफारीचे कापड घेतले. टेबलावरचा दिवा घेतला. संध्याकाळी होस्टेलवर गेलो तर पलंग अरुंद. गादी एका बाजूने वीतभर लोंबायची. दिव्याला जवळपास बटणच नव्हते. सफारी चार वर्षांत दोनदा अंगावर चढली. आणि डिसेंबरची थंडी पडली तेव्हा ध्यानात आले की एवढ्या सामानात ब्लँकेट नाही. भंडाऱ्याकडच्या मित्राच्या चादरीत मी तो हिवाळा काढला.

दिवाळीला घरी गेलो तर गोठ्यात खुंटा रिकामा. आईला विचारले, कालवड कुठे? आई चुलीजवळून म्हणाली, "तुयी पेटी भरली तिनं, बापू."

कालवड विकली याचे दुःख मला आजही तितके नाही. शिक्षणासाठी घरोघरी काही ना काही विकले जातेच. दुःख याचे की ती लोंबत्या गादीसाठी आणि सफारीसाठी गेली. पुढल्या वर्षी मेसचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा दूध नव्हते, आणि वडिलांना व्याजाने पैसे काढावे लागले. तिच्या दुधावर मेसचा निम्मा खर्च तरी निघाला असता.

हंगाम आणि कॉलेज

आपली अडचण मुळात वेळेची आहे. कॉलेजचे प्रवेश जून ते सप्टेंबर या काळात होतात. नेमका तोच आपल्या हातात पैसा नसण्याचा काळ. बियाणे, खत, निंदण, डवरण, फवारणी, सगळा पैसा घरातून बाहेर जाणारा. सोयाबीन ऑक्टोबरात निघते, कपाशीची पहिली वेचणी दिवाळीच्या आगेमागे होते, तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते. नोकरदाराला दर महिन्याला पगार असतो, तो जुलैत एकदम खरेदी करू शकतो. आपण त्याच्यासारखी खरेदी करायला गेलो की कर्ज ठरलेले.

कपाशीला युरिया आपण एकदम देत नाही. पेरणीच्या वेळी थोडा, मग झाड जसे वाढेल तसा हप्त्याने देतो. एकदम दिला तर पावसाने वाहून जातो आणि पात्या-बोंडे धरण्याच्या वेळी झाड उपाशी राहते. होस्टेलच्या सामानाचेही तसेच करावे. पहिला हप्ता जुलैत, दुसरा दिवाळीला, तिसरा होळीला. जुलैत ब्लँकेट आणि कूलर या दोन्हींचे काम नसते. नागपूरचा हिवाळा डिसेंबरात बोचतो आणि उन्हाळा मार्चपासून तापतो. तोवर माल घरात आलेला असतो.

निघण्याआधी एक फोन

सामान बांधण्याच्या आधी होस्टेलच्या कचेरीत किंवा तेथे राहणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला फोन करावा आणि चार गोष्टी विचाराव्या. पलंग, गादी आणि कपाट मिळते काय, आणि पलंगाचे माप किती? मेसमध्ये ताट-वाटी मिळते की आपली न्यावी लागते? विजेची कोणती उपकरणे चालतात? सुरुवातीला अनामत किती भरायची? या चार उत्तरांनी निम्मी खरेदी वाचते. पुष्कळ होस्टेलांत शेगडी, हीटर, पाणी तापवायची कॉइल यांना मनाई असते. अशी वस्तू नेली तर जप्त होते आणि वर दंड भरावा लागतो.

पहिला हप्ता: कागद

पेटीत सर्वांत आधी कागद ठेवावे, कारण बर्डीवर सगळे विकत मिळते, पण दाखला मिळत नाही. प्लास्टिकच्या बंद पिशवीत, पावसाचे पाणी लागणार नाही अशा बेताने हे कागद असावेत: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्यांना जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर, सातबारा किंवा अल्पभूधारक असल्याचा दाखला, बँकेचे पासबुक आणि आठ-दहा फोटो. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स काढाव्या. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून त्याच्या झेरॉक्स आधीच काढाव्या. उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्याची मुदत वाचून पाहावी. प्रवेशाचे काम झाले की उरलेले मूळ कागद वडिलांनी परत घरी आणावे, होस्टेलच्या पेटीत ठेवू नये. मोबाईलमध्ये त्यांचे फोटो असू द्यावे.

हे कागद नुसते प्रवेशासाठी नाहीत. ज्या महाडीबीटीच्या नावाने आपण ठिबक आणि अवजारांचे अर्ज भरतो, त्याच नावाच्या पोर्टलवर मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरावे लागतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना स्वयम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्त प्रवर्गांतील विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमात शिकणाऱ्या, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल व मागास प्रवर्गांतील मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा शासनाचा निर्णय आहे. आपल्याला यातले काय लागू होते ते कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खिडकीवर पहिल्याच आठवड्यात विचारावे. मुलाच्या नावाचे बँक खाते आधारला जोडलेले आहे याची खात्री करून घ्यावी. मात्र अर्जाची छाननी होऊन मगच रक्कम खात्यात पडते. पहिल्या महिन्याचा खर्च तिच्यावर धरू नये.

अंथरूण, कपडे आणि बारीकसारीक

घरात असलेले आधी बांधावे. एक सतरंजी, आईच्या हातची गोधडी, दोन चादरी, एक उशी. मच्छरदाणी आणि ती बांधायला सुतळी. पावसाळ्यात डेंग्यू, हिवताप शहरातही असतो. गादी पलंगाचे माप कळल्यावरच घ्यावी.

कपडे रोजच्या वापरातले पाच-सहा जोड पुरे. नवे कपडे दिवाळीला येतातच, तेव्हा तेथल्या मुलांत काय चालते हे मुलाला कळलेले असते. एक छत्री किंवा रेनकोट, एक चप्पल, एक बूट, दोन टॉवेल. शेतीच्या शिक्षणाला जाणाऱ्यांनी चिखलात वापरायला एक जुना जोड वेगळा न्यावा.

बादली, मग, कपडे वाळवायची दोरी, चिमटे, साबण, ब्रश, टॉर्च, सुई-दोरा, चार बटणे. कुलुपे दोन, एक पेटीला आणि एक कपाटाला. कुलपाची दुसरी किल्ली पेटीत ठेवू नये. हसू नका, मी ठेवली होती. पहिल्याच आठवड्यात पहिली किल्ली हरवली आणि कुलूप फोडावे लागले.

औषधांची छोटी डबी असावी: तापाची गोळी, जुलाबावर ओआरएसच्या पुड्या, मलम, पट्टी, आणि नेहमीचे औषध चालू असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मुलींच्या पेटीत महिन्याच्या पाळीला लागणारे पॅड दोन महिन्यांचे असावे. आईने ते आपल्या हाताने ठेवावे, संकोच करू नये. घरचे, काकांचे आणि नागपुरातल्या एखाद्या ओळखीच्या माणसाचे फोन नंबर कागदावर लिहून द्यावे. मोबाईल हरवला की त्यातले नंबरही जातात.

डबा

आमच्या भगिनी इथे रागावतील, पण सांगतो. पावसाळ्यात मोठे डबे देऊ नये. दमट हवेत लाडवांना बुरशी धरते, खोलीत मुंग्या होतात. पंधरा दिवस पुरेल इतकेच द्यावे. जवसाची चटणी, तिळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, गूळ. शेंगदाणे नीट वाळलेले आणि भाजलेले असावे. ओल लागलेल्या दाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते आणि ते भाजल्यानेही पुरते जात नाही. असा डबा निवडत बसू नये, टाकून द्यावा. लोणचे लहान बरणीत आणि चमचा कोरडा.

बर्डीवर दुसऱ्या दिवशी जावे

सीताबर्डी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बरड जमीन आपल्याला ठाऊक आहे. बर्डी म्हणजे तसाच खडकाळ उंचवटा. या टेकडीवर किल्ला आहे, आणि 1817 च्या नोव्हेंबरात येथेच अप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रज यांची लढाई झाली. टेकडीच्या एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसऱ्या अंगाला बाजार. व्हरायटी चौक, मेन रोड, मोदीच्या गल्ल्या, मोरभवनचे बसस्थानक हे सगळे जवळजवळ. आता तेथे मेट्रोच्या दोन्ही मार्गांचे एकत्र स्टेशनही आहे, त्यामुळे शहराच्या लांबच्या भागातून मूल एकटेही बाजाराला येऊ शकते.

म्हणून पहिल्या दिवशी होस्टेलवर जावे. पलंग पाहावा, खिळे मोजावे, नळाला पाणी कधी येते ते विचारावे. मूल एक रात्र तेथे झोपू द्यावे. सकाळी मुलानेच काय उणे पडले त्याची यादी करावी, आणि मग बर्डीवर जावे. तीन दुकाने फिरून भाव करावा. खरेदी मुलाला करू द्यावी, बापाने मागे उभे राहावे. गर्दीत पैसे एका खिशात ठेवू नये. यादीत नसलेली वस्तू कितीही स्वस्त असली तरी त्या दिवशी घेऊ नये.

दुसरा आणि तिसरा हप्ता

दिवाळीला सोयाबीनचे किंवा पहिल्या वेचणीचे पैसे हाती आले की ब्लँकेट, स्वेटर, कानटोपी, दोन नवे जोड आणि लागणारी पुस्तके. तोपर्यंत कोणते पुस्तक ग्रंथालयात मिळते आणि कोणते विकत घ्यावे लागते हे कळलेले असते. होळीला पातळ सुती कपडे, दुपट्टा, पाण्याचा मोठा थर्मास, आणि होस्टेलच्या नियमात बसत असेल तर दोघा-तिघांत मिळून लहान कूलर. नागपूरचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा परीक्षेच्या दिवसांत तो खर्च वाया जात नाही.

घरचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचे. माझ्या वडिलांनी कालवड विकल्याचे मला सांगितले नाही, कारण पोराच्या जिवाला घोर नको. परिणाम असा झाला की त्या तीन महिन्यांत मी मित्रांबरोबर सिनेमे पाहिले, हॉटेलात खाल्ले आणि पैसे पाठवा म्हणून दोन पत्रे लिहिली. मला कळले असते तर मी ती पत्रे लिहिली नसती. मी वाईट मुलगा नव्हतो, मला माहीत नव्हते.

म्हणून जाण्याच्या आदल्या रात्री मुलाला किंवा मुलीला जवळ बसवावे. या वर्षी शेतीला किती लागले, बँकेचे किती देणे आहे, महिन्याला आपण किती पाठवू शकतो, तो आकडा स्पष्ट सांगावा. डोळ्यांत पाणी आणून सांगू नये, उपकाराच्या भाषेत सांगू नये. पिकाचा हिशेब सांगतो तसा सांगावा. आणि पेटीत एक वही ठेवावी, रोजचा खर्च लिहायला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला घरची खरी स्थिती पेलवते. दिवाळीला एकदम रिकामा खुंटा पाहणे जड जाते.

साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहात मुलांच्या जेवणाची अडचण पडे, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 साली वसतिगृह काढले, अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय चालवले. या माणसांनी खेड्यातल्या पोराला शहरात दोन घास आणि पाठ टेकायला जागा मिळावी एवढे पाहिले. आपणही तेवढेच पाहावे. दागिना मोडायची वेळ आलीच तर ती जेवणासाठी आणि फीसाठी यावी.

परतीचे भाडे

पेटीच्या तळाशी एका पाकिटात गावापर्यंतचे एस.टी.चे भाडे ठेवावे आणि सांगावे की याला हात लावायचा नाही, पण फारच जड गेले तर विचारायचेही नाही, सरळ घरी यायचे. मुलींना आणि आयांना 2023 पासून एस.टी.त अर्धेच भाडे लागते. पहिला महिना सर्वांनाच कठीण जातो. फोनवर मूल रडले तर "एवढे पैसे खर्च केले आणि रडतोस?" असे म्हणू नये. रविवारी एकदा जाऊन भेटून यावे. कोणी रॅगिंग करत असेल तर सोसायचे नाही, महाराष्ट्रात 1999 पासून तो कायद्याने गुन्हा आहे. कॉलेजला कळवावे आणि 1800-180-5522 या नंबरवर फोन करावा. मन फार खचले तर 14416 या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येते. हे दोन नंबरही त्या कागदावर लिहावे.

पांढरकवड्याच्या बंधूंना माझे उत्तर असे. त्या गृहस्थांची रक्कम घेऊ नका. घरातले अंथरूण बांधा, कागद नीट लावा, अनामत आणि पहिल्या महिन्याच्या मेसचे पैसे तेवढे जमवा. ते कमी पडत असतील तर कॉलेजात जाऊन हप्ते पाडून मिळतील काय ते विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. बर्डी दिवाळीलाही तेथेच आहे. तोवर तुमचा कापूस घरात येईल, आणि मुलगी स्वतः तुम्हाला सांगेल की तिला खरोखर काय हवे आहे.

पुढील अंकात कपाशीवरील रसशोषक किडींविषयी बोलू.